फुफीनं लिहिलेलं पत्र

माझी फुफी, म्हणजे अब्बांची धाकटी बहीण, फौजेत नर्स होती. नांदेडकडच्या कंधारच्या शिंप्याची मुलगी. हैदराबादेत नर्सिंग शिकली आणि घरातल्यांना नीट कळायच्या आत फौजेत भरतीही झाली. बांगलादेशाच्या लढाईत ती पूर्वेकडच्या एका लष्करी दवाखान्यात होती. लढाई संपल्यावर काही महिन्यांनी सुट्टीवर आली, तेव्हा मी आठ वर्षांची होते.

मला वाटलं होतं, आता तोफांच्या गोष्टी ऐकायला मिळणार. ती दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी उठून अम्मीला म्हणाली, "भाभी, अंबाडीची भाजी कर. लसूण लई घाल." जेवताना मी तिला चिकटून बसले होते, आजोबा शिलाई मशीनवर होते. तेव्हा तिनं हे सांगितलं. आम्ही घरात दखनी बोलायचो. इथं मराठीत लिहिते आहे.

त्यांच्या दवाखान्यात एक वॉर्ड जखमी कैद्यांचा होता. समोरच्या फौजेतले. एके दिवशी मेट्रननं विचारलं, उर्दू लिहिता-वाचता कोणाला येतं? बाकीच्या सिस्टर बहुतेक केरळच्या. फुफीनं हात वर केला. कैद्यांना घरी पत्रं पाठवायची परवानगी मिळाली होती, आणि काहींना स्वतः लिहिता येत नव्हतं.

त्यातल्या एका पोराच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. उजवा हात मनगटापासून गेलेला. तो जेवत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. फुफी कागद-पेन घेऊन बसली, तर त्यानं तोंड फिरवलं. तिची सहनशक्ती संपली. म्हणाली, "बोलना नक्को तो नक्को बोलो, दूध तो पिओ!"

तो तिच्याकडे बघत राहिला आणि एकदम हसला. "सिस्टर, ही कुठली उर्दू?"

"आमच्या कंधारची. तुमची तुमच्याकडं ठेवा."

त्या दिवशी तिच्या हातून तो दूध प्यायला. दुसऱ्या दिवशी भात खाल्ला. मग पत्र सांगितलं. आईला. गच्चीची डागडुजी झाली का, म्हैस व्याली का, धाकट्याला शाळेतून काढू नका. आणि मी अगदी बरा आहे.

फुफी म्हणाली, "अक्षर दुसऱ्याचं का, असं आई विचारेल."

"तिला वाचता येत नाही. भाऊ वाचून दाखवेल."

"मग भाऊ विचारेल."

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "हाताला पट्टी आहे, एवढंच लिहा. पुढचं मी घरी गेल्यावर बघेन."

तिनं तसं लिहिलं. मग त्याला न विचारता खाली एक ओळ स्वतःची घातली: याला मी माझ्या हातानं जेवू घालते, काळजी करू नका. पत्रं तपासणारा अधिकारी उर्दू जाणणारा होता. त्यानं ती ओळ वाचली, मान वर करून फुफीकडे पाहिलं आणि कागद गठ्ठ्यात ठेवून दिला.

आठवड्याभरानं ती ड्युटीवर आली, तर त्या खाटेवर दुसराच माणूस. पहाटेच्या गाडीनं त्याला आणि आणखी काही कैद्यांना हलवलं होतं.

आजोबांची मशीन केव्हाच थांबली होती. ते म्हणाले, "बेटी, हे उंबऱ्याबाहेर सांगू नको."

"का? मी काय चोरी केली? वर्दी घालून केलंय, सगळ्यांसमोर."

"मला माहीत आहे," आजोबा म्हणाले. "तरी सांगू नको."

ती ताटावरून उठली नाही, पण पुढं जेवलीही नाही. गल्लीतल्या बाया लढाईचं विचारायला आल्या, तेव्हा तिनं त्यांना तिकडच्या पावसाचं आणि माशांच्या कालवणाचं सांगितलं.

तिनं लग्न केलं नाही. फौजेतून निवृत्त होऊन नांदेडला दोन खोल्या घेऊन राहिली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, नव्या बाळंतिणींना दरडावायची. मी लातूरला शिक्षिका झाले होते. सुट्टी लागली की अहमदपूर, लोहा करत तिच्याकडे जायची. एकदा भाजी निवडता निवडता मी धीर करून विचारलं, "फुफी, तो तुम्हाला आवडला होता का?"

"वेडी आहेस." ती हसली नाही. "मला त्याच्या आईची आठवण येते."

"पण तुम्ही तिला कधी पाहिलं नाही."

"न्हाई ना. म्हणून तर." हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "ती ओळ तिला कोणी वाचून दाखवली का, एवढंच कळायला पाहिजे होतं. भावानं गाळली असली तर?"

उत्तर येण्याची सोयच नव्हती. पत्रावर तिचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. नियमच तसा होता. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी पुढं आणखी विचारायला हवं होतं. त्या पोराचं गाव कोणतं, तो दिसायला कसा होता, ती रडली होती का. वाटलं, पुढच्या सुट्टीत विचारू. अशा कितीतरी सुट्ट्या आल्या आणि गेल्या.

शेवटच्या आजारात ती मला ओळखेनाशी झाली. एका दुपारी मी उशाशी बसले होते. तिनं डोळे उघडले आणि ठणठणीत आवाजात मला वॉर्डाचा चार्ज दिला. तीन नंबरला फक्त पातळ. नऊ नंबरची पट्टी संध्याकाळी बदला. दाराजवळचा रडतो, त्याला रागावू नका. मी म्हणाले, "हौ, सिस्टर."

तिच्या कपाळाला आठी पडली. "हौ काय? येस सिस्टर म्हणायचं."

"येस सिस्टर."

"जा आता कामाला," ती म्हणाली आणि डोळे मिटले. चार दिवसांनी गेली.

त्याला पाच वर्षं झाली. नांदेडला आता माझं कोणी नाही. तरी वर्षातून एकदा लातूरहून बस धरते, तिच्या गल्लीतून एक चक्कर मारते, कोपऱ्यावर चहा घेते आणि परतीच्या गाडीत बसते. घरी विचारतात, काय काम होतं? मी म्हणते, काही नाही, जाऊन आले.