डिझेल उतरलं की

शनिवारी सकाळी आम्ही बापलेक मिल्टन कीन्सहून समुद्राकडे निघालो आणि पहिली दहा मिनिटं नुसते गोल गोल फिरत राहिलो. या गावात चौक नाहीत, राउंडअबाउट आहेत (मधोमध गवताचं बेट असलेले वाटोळे रस्ते). एकातून सुटावं तर दुसरा हजर. मालवणात मला डोळे बांधून उभं केलं तरी समुद्र कुठल्या अंगाला आहे ते मी सांगेन. इथे डोळे उघडे ठेवूनही तिसऱ्या वळणानंतर मला पूर्व-पश्चिम कळेना.

"प्रसाद, याच बेटाला मघाशी वळसा घातला ना रे?"

"नाही अप्पा, तो वेगळा होता."

"त्याच्यावरही असंच गवत होतं."

"सगळ्यांवर असंच असतं," तो म्हणाला आणि चौथ्या गोलात शिरला.

प्रसाद हा माझा एकुलता एक मुलगा. इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी मालवणच्या शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. सौ.चे गुडघे विमानात बसण्याच्या लायकीचे राहिले नाहीत, म्हणून मी एकटाच आलो. निघताना तिने माझ्या बॅगेत आमसुलं, तिरफळं आणि एक प्रश्न भरून दिला होता.

प्रश्न आमच्या होडीचा. लहानशी आहे, दोन वल्ह्यांची, निव्वळ हौसेसाठी घेतलेली. प्रसाद शाळेत असल्यापासून रविवारी आम्ही दोघं तीत बसून गरवायला (गळ टाकून मासे धरायला) जायचो. घरातल्या मोठ्या गोष्टी सगळ्या त्या होडीतच ठरल्या. त्याने पुण्याला शिकायला जायचं हे तिथेच ठरलं. नागपूरच्या मुलीशी लग्न करायचंय हेही त्याने तिथेच सांगितलं, कारण भर पाण्यात बाप रागावून उठून जाऊ शकत नाही. आता आमच्या वाडीतला बाबल ती होडी मागतोय. तिला मशीन बसवून तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवणार आहे. मी त्याला म्हटलं, लंडनहून येऊ दे, मग सांगतो. (मिल्टन कीन्स म्हटलं तर आमच्याकडे कुणाला काही बोध होत नाही.)

खरं तर उत्तर माझ्याकडे नव्हतंच, प्रसादकडे होतं. तो कधी काळी परत येणार असेल तर होडी ठेवायची. नसेल तर माडाखाली कुजवत कशाला ठेवायची? घरात विचारलं की तो हटकून टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणून मी ठरवलं होतं की समुद्र गाठायचा, गळ टाकायचा आणि मग विचारायचं.

मुळात बेत स्कॉटलंडचा होता. मी इथे उतरलो आणि डिझेल चढायला लागलं. रोज संध्याकाळी बातम्यांत पंपावरचा भावफलक दाखवायचे आणि प्रसाद त्याच्याकडे रिझल्ट लागल्यासारखा बघत बसायचा. स्कॉटलंडचं वेल्स झालं. वेल्सच्या चार दिवसांचे दोन झाले. दर वेळी वाक्य एकच, "डिझेल उतरलं की स्कॉटलंडला नक्की जाऊ, अप्पा." शेजारचा साहेब दर वर्षी उत्तरेला पक्ष्यांच्या शिकारीला जातो म्हणे. कुंपणावरून मी त्याला यंदाचं विचारलं, तर त्याने खांदे उडवले आणि तोही डिझेलच म्हणाला. बंदूक कपाटात आणि साहेब गुलाबांना पाणी घालतोय. या देशात लोक हवेवर बोलतात असं ऐकून आलो होतो, मला तर सगळे डिझेलवरच बोलताना भेटले.

त्यातही माझा गोंधळ वेगळाच. आपल्याकडे डिझेल स्वस्त म्हणून माणूस डिझेलची गाडी घेतो. इथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग.

"मग तू डिझेलची गाडी का घेतलीस?"

"ॲव्हरेज चांगलं देते."

आता हे ॲव्हरेज गॅलनवर, डिझेल लिटरवर आणि रस्ता मैलावर. जन्मभर मुलांना एकक बदलायला शिकवलं, पण हे गणित मी दोनदा मांडलं आणि दोनदा वेगळं उत्तर आलं. मी नाद सोडला.

शुक्रवारी रात्री आणखी एक प्रकार झाला. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात पांढऱ्या झाकणाचा डबा दिसला. श्रीखंड असणार म्हणून मी उघडला, तर आत वळवळणाऱ्या अळ्या. मी डबा हातभर लांब धरला. माझी सून मृणाल स्वयंपाकघरातच होती. शाकाहारी घरातली पोर, पण ती शांतपणे म्हणाली, "बंद करा अप्पा, ते तुमच्या मुलाचं आमिष आहे. दुकानात पाइंटच्या मापाने मिळतं."

"दुधाच्या?"

"हो ना. दूध, बिअर आणि हे. मी नाही येत बाबा उद्या, तुम्ही दोघं आणि ते किडे, मजा करा."

तर असे आम्ही तिघं निघालो, किडे धरून. मोटरवेला लागल्यावर प्रसादने एसी बंद केला, खिडक्या वर केल्या आणि गाडी एका ठरावीक वेगावर धरून ठेवली, त्याने ती डिझेल कमी खाते म्हणे. मोठाले ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते. एका ट्रकमधून तर मेंढ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर हिरवीगार शेतं, मधूनच पिवळं फूल, शेतात माणूस मात्र एकही नाही. एवढं पिकवतं कोण, असं मी विचारलं. प्रसादचं लक्ष काट्यावर होतं.

बर्मिंगहॅम मागे पडल्यावर आम्ही सर्व्हिसेसला थांबलो (हमरस्त्यावरचा थांबा, जिथे पंप, चहा आणि शौचालय एकत्र असतं). चहा पाणचट होता. मृणालने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीतच खाल्ल्या. मग पंपाशी गेलो तर डिझेलच्या नळ्यांच्या तोंडांना पिवळ्या पिशव्या बांधलेल्या. मी आत जाऊन गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं.

"संपलंय, लव्ह. दुपारी टँकर येईल कदाचित. कदाचित नाही येणार."

जन्मात पहिल्यांदा भेटलेली बाई मला लव्ह म्हणाली आणि डिझेल नाही म्हणाली, यातलं कुठलं आधी मनावर घ्यावं ते मला समजेना. बाहेर प्रसाद मोबाइलवर आणखी पंप शोधत होता. पुढच्या दोन ठिकाणीही हीच रड होती.

"अप्पा, समुद्रापर्यंत जाण्यापुरतं आहे," तो म्हणाला. "परत येण्यापुरतं नाही."

"मग तिकडे मिळेल की."

"नाही मिळालं तर? सोमवारी ऑफिस आहे."

नेमका तेव्हाच मालवणहून सौ.चा फोन आला. तिला वाटलं आम्ही एव्हाना पाण्यात आहोत.

"विचारलंत?"

"अजून नाही. डिझेल नाहीये."

"विचारायला डिझेल कशाला लागतं हो?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

प्रसादने गाडी आडरस्त्याला घातली आणि न चुकता, एकदाही कुणाला न विचारता, एका तळ्यावर आणून उभी केली. तळं देखणं होतं. काठाने वडासारखी लोंबती झाडं, पाण्यात बदकं आणि ठरावीक अंतरावर लाकडी फळ्यांचे ओटे, एकेका ओट्यावर एकेक म्हातारा. कुणी बोलत नव्हतं. देवळात आल्यासारखा मी चप्पल काढायच्या बेतात होतो.

आमच्या शेजारच्या ओट्यावर केन नावाचे गृहस्थ होते, माझ्याच वयाचे. माझी गरी (गळाचा आकडा) बघून त्यांनी मान हलवली. इथे उलटा काटा असलेली गरी चालत नाही, माशाच्या तोंडाला इजा होते. त्यांनी त्यांच्याकडची गुळगुळीत गरी दिली. ज्याला खायचा त्याच्या तोंडाची एवढी काळजी, हे मला कळेना. तेवढ्यात त्यांचीच काठी वाकली. मोठ्या कष्टाने त्यांनी एक जाडजूड कार्प जाळीत घेतला, ओल्या गादीवर ठेवला, गरी काढली आणि त्याच्या ओठाला औषध लावलं.

"ही डोरिस," ते म्हणाले. "माझ्याकडे आधीही येऊन गेली आहे." आणि डोरिसला त्यांनी अलगद पाण्यात सोडून दिलं.

मी प्रसादकडे बघितलं. "इथे सोडून द्यावे लागतात, अप्पा. नियम आहे."

"मग धरायचे कशाला?" हे मी केनना माझ्या इंग्रजीत विचारलं.

"कशी आहे ते बघायला," ते म्हणाले.

मीही हजारो मैल येऊन दुसरं काय करत होतो म्हणा. केननी थर्मासमधला चहा दिला आणि सांगू लागले की ते पूर्वी दर पंधरवड्याला वेल्सच्या किनाऱ्यावर जायचे, आता व्हॅनला परवडत नाही, म्हणून डोरिसवर भागवतात. मी म्हटलं, आम्हीही समुद्रावरच निघालो होतो. त्यांनी आमच्या डब्याकडे बोट दाखवलं. "या अळ्या घेऊन? समुद्रात यांचा काय उपयोग?" मग प्रसादच्या खिशातून डोकावणारं लायसन बघून म्हणाले, "आणि हेही तिकडे लागत नाही. हे गोड्या पाण्याचं."

लायसन प्रसादने माझ्यासाठीही काढलं होतं, पोस्टातून, बुधवारीच. तेव्हा मला पोस्टात मासे धरायचा परवाना मिळतो याचंच अप्रूप वाटलं होतं. आता डोक्यात प्रकाश पडला आणि मला राग आला, म्हणजे खराच आला. घरून निघाल्यापासून हा पोरगा तळ्याच्या तयारीने निघाला होता.

"पंपावर डिझेल असतं तर?" मी विचारलं.

तो पाण्याकडे बघत राहिला. "तरी इथेच आणलं असतं. काहीतरी सांगितलं असतं."

"का रे?"

"तुम्ही होडीचं विचारणार होतात. आईने मला आधीच सांगितलंय." मग तो म्हणाला, "समुद्रावर तुमच्या शेजारी बसलो असतो ना अप्पा, तर मी 'येतो परत' म्हणालो असतो. तिथे मला नाही म्हणताच आलं नसतं. आणि मग तुम्ही दोघं वाट बघत बसला असता."

राग कुठे गेला ते कळलं नाही. मुलगा खोटं बोलला होता, पण खोटं बोलावं लागू नये म्हणून. हे गणित मी अजूनही सोडवतोय.

"म्हणजे बाबलला देऊन टाकू होडी?"

"नको," तो इतक्या पटकन म्हणाला की केननी वळून बघितलं. "विकू नका."

"मग येणार आहेस?"

"तसं नाही म्हटलं मी."

"अरे, मग मी समजायचं काय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हसत होता, पण डोळे काठोकाठ भरलेले. "बघू ना अप्पा," तो म्हणाला. "डिझेल उतरलं की."

माझ्या काठीला तेव्हाच ओढ लागली. तळहाताएवढा मासा, रुपेरी, लाल पंखांचा. मालवणात असता तर त्याचं तिरफळ घालून तिखलं केलं असतं. मी त्याला गरीतून सोडवला, ओंजळीत धरून पाण्यात नेला आणि हात उघडले. तो लगेच गेला नाही. थोडा वेळ तिथेच थांबला, मग गेला.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मृणालने पाटवडीचा रस्सा करून ठेवला होता.

"काय आणलं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"म्हणून तर केली पाटवडी," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी दोन वड्या टाकल्या. तिलाही सगळं आधीपासून माहीत होतं तर. जेवण झाल्यावर प्रसादने बातम्या लावल्या. भावफलक आला तेव्हा आम्ही दोघंही तो बघत होतो.

पुढच्या आठवड्यात मी परतलो. विमानतळावर प्रसादने वाकून नमस्कार केला आणि मला उगाच ओल्या गादीवर ठेवलेली डोरिस आठवली. इतक्या लांब जाऊन मी काय पाहिलं असं लोक विचारतात. मी गोल रस्त्यांबद्दल सांगतो, लव्ह म्हणणाऱ्या बाईंबद्दल सांगतो, पाइंटवर मिळणाऱ्या अळ्यांवर सगळे हसतात. सौ.ला मात्र सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे हो की नाही?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबल आला. ओटीवर बसला, लंडनची चौकशी केली आणि मुद्द्यावर आला.

"अप्पानू, होडयेचा काय ठरवलास?"

"बघूया रे," मी म्हटलं. "डिझेल उतरला की."

बाबल माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "पण अप्पानू, तुमची होडी तर वल्ह्यांची. तिका डिझेल खंय लागता?"

माडाखाली होडी उपडी घातली होती. तिच्या पाठीवर झावळ पडली होती, ती मी उचलून बाजूला टाकली.

"लागता," मी म्हटलं. "हल्ली लागता."