शेजारणीचा कूलर

मे महिन्यातला रविवार होता. जरीपटक्याहून सदरला जाणाऱ्या शेअर ऑटोत माझ्या बाजूला एक बाई बसल्या होत्या. तोंडाला पांढरा दुपट्टा, मांडीवर बायबल. सिग्नलला ऑटो थांबला, तेव्हा चर्चच्या भिंतीवर रंगवलेलं वचन मी मोठ्यानं वाचलं : शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर.

"प्रीती आता लग्नपत्रिकेतच उरली," मी म्हणालो. "आजच्या भाषेत कसं सांगाल हे?"

त्यांनी दुपट्टा हनुवटीखाली ओढला. बोलायच्या आधी त्या दर वेळी तसंच करत, आणि बोलून झालं की तो परत नाकावर चढवत.

"कूलर," त्या म्हणाल्या. "शेजारीण सकाळीच ड्युटीले जाते. लहान लेकरं घरी. माह्या कूलरात पाणी भरलं का पाइप तसाच तिच्या कूलरात सोडते."

"मैत्रीण दिसते तुमची."

"कायची मैत्रीण! भल्ली भांडखोर हाय. होळीपासून बोलणं बंद. तिले पाहूनच माह्यं डोकं तापते."

"मग यात प्रीती कुठं आली?"

"नाही ना आली अजून, भाऊ. पण ती येईपर्यंत लेकरांले उकडत ठेवू काय?"

दुपट्टा नाकावर चढला, आणि सिग्नलही सुटला.