बॅजवरचं आडनाव

मी एकदा एका माणसाला नवं आडनाव दिलं आणि त्याला गोत्र द्यायचं विसरले. कांबळ्याचा कुलकर्णी केला. बॅज छापून आणला, स्वतःच्या हाताने त्याच्या छातीवर लावला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. वा! काय शोभतंय! बावन्न वर्षांची होते. डोक्याला दर महिन्याला मेंदी थापायचे. आत काही झिरपत नव्हतं.

अंधेरीच्या एका स्पामध्ये मी टॉवेल सांभाळायचे. धुवायचे, पिळायचे, घड्या घालून गरम पेटीत ठेवायचे. मसाज करणारे सहा जण, सगळे पुरुष. थेरपिस्ट म्हणायचं त्यांना. मालिशवाला म्हटलेलं मालकाला खपत नसे. गिऱ्हाईक आलं की सहाही जण सोफ्यासमोर ओळीने उभे. हात पुढे. आधी तळवे वर, मग खाली, नखं दिसावीत म्हणून. गिऱ्हाईक लेमन टी पीत बघणार आणि एकावर बोट ठेवणार.

मला बघायला आले होते तेव्हा मलाही असेच हात दाखवायला लावले होते. चालून दाखव म्हणाले होते. तरी त्या सहा जणांची मला कधी दया आली नाही. उलट मी त्या कार्यक्रमातली आत्याबाई झाले. गिऱ्हाइकं मला विचारायची, "मावशी, आज कोण?" आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून ज्ञान पाजळायचे. "दंड बघू नका साहेब, तळवा बघा. गरम तळव्याचा माणूस घ्या." केवढा तो तोरा! जसा काही स्पा माझ्या बापाचा.

सगळ्यात गरम तळवा प्रकाशचा. तिशी ओलांडलेला, घाटकोपरच्या डोंगरावर राहणारा. आमच्यातलाच, बौद्ध. मीच त्याला तिथे चिकटवलं होतं. पण त्याच्यावर बोट पडेना. काही जुनी गिऱ्हाइकं हात बघून झाले की बॅज वाचायची. पूर्ण नाव असायचं त्यावर. वाचायची आणि पुढच्याकडे सरकायची. बोलणं नाही, तोंड वाकडं करणं नाही. भाजीवाल्याकडे एखादं वांगं बाजूला सारतात ना, तसं. ज्याला निवडलं नाही त्याला टिप नाही, आणि टिपशिवाय त्या पगारात घर चालत नसे. प्रकाशची बायको सातव्या महिन्यात होती.

माझ्या स्वतःच्या बॅजवर नुसतं 'मावशी'. तीही माझीच हुशारी. मावशीला कोण आडनाव विचारतं?

"कुलकर्णी लावू," मी म्हटलं.

"मावशी, पकडलं तर?"

"अरे, अंगाला तेल लावायला आधार कार्ड दाखवतात का?"

तो हसला नाही. लावून घेतला मात्र. मॅनेजरने बघून न बघितल्यासारखं केलं. धंदा वाढत होता ना.

तीन महिने झकास गेले. टिपची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाने पाकिटावर स्वतःच्या हाताने त्या थेरपिस्टचं नाव लिहायचं आणि काउंटरवरच्या पेटीत टाकायचं. कुलकर्णींची पाकिटं पडायला लागली. प्रकाश ती उघडताना वरचं नाव अंगठ्याने झाकायचा. मी ते बघितलं होतं. बघून गप्प बसले.

एक साहेब दर शुक्रवारी दुपारी यायचे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मराठी, आवाज मधात बुडवलेला. ओळीकडे न बघताच "मावशी, तुम्ही सांगाल तो," म्हणायचे. दोन वर्षं मला 'तुम्ही' म्हणत होते, आणि मी दोन वर्षं पुरीसारखी फुगत होते. त्या शुक्रवारी मी प्रकाशकडे बोट केलं.

अर्ध्या तासाने गरम टॉवेल घेऊन आत गेले. साहेब पालथे पडलेले. प्रकाशचे दोन्ही अंगठे त्यांच्या मणक्याच्या कडेने वर चालले होते. साहेब सुखात होते. त्या सुखातच त्यांनी विचारलं, "कुलकर्णी कुठले रे तुम्ही?"

"घाटकोपर, सर."

"मूळचे म्हणतोय मी. गोत्र काय?"

अंगठे थांबले. प्रकाशने माझ्याकडे बघितलं. मी दारात, टॉवेलांची वाफ तोंडावर. आणि माझ्या तोंडून निघालं, "कश्यप असेल, साहेब."

असेल! गोत्र म्हणजे काय बसची वेळ आहे?

साहेबांनी मान वळवली. "मी त्याला विचारलं." मग प्रकाशला, अगदी हळू, "खरं आडनाव सांग."

"कांबळे."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते. उठून बसले. पाठ तेलाने चकाकत होती. म्हणाले, "जातीचं मला काही नाही. मला राग फसवणुकीचा आहे." मी टॉवेल पुढे केला. घेतला नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू पण त्यातलीच ना गं?"

दोन वर्षांचं 'तुम्ही'. गेलं.

त्यांनी आंघोळ केली. अंग पुसून पुन्हा आत गेले, पुन्हा केली. बाहेर येऊन मॅनेजरला हुकूम सोडला, सगळ्यांना उभं करा, प्रत्येकाने पूर्ण नाव सांगायचं, मग मी निवडतो. प्रकाशसाठी पाचशेची नोट काढली. पाकीट नाही, पेटी नाही. स्वतःचं अंग पुसलेल्या ओल्या टॉवेलात ती गुंडाळली आणि टॉवेल माझ्या पायाशी टाकला.

"त्याचे आहेत. घेऊ दे त्यातून."

अर्धा तास ज्याचे हात पाठीवर चालले, त्याच्या हातात नोट द्यायला नको.

मॅनेजर मालवणचा. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. मला कोपऱ्यात ओढून पुटपुटला, "मावशे, बॅजची आयडिया त्याचीच म्हणून सांग. माफी माग नि मोकळी हो. तो जाईल, तू रवशील गो."

खोटं कशाला सांगू, शब्द जिभेवर आला होता. घरभाडं होतं, मुलीचं लग्न तोंडावर होतं. एवढं एक वाक्य बोलले असते तर सुटले असते.

तेवढ्यात ओळीतल्या पहिल्याने नाव सांगितलं. बिहारकडचा होता. नुसतं नाव सांगून थांबला. साहेब म्हणाले, "पूर्ण."

तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी टॉवेलवाली. काय करणार होते?

मी वाकले. सगळ्यांना वाटलं, म्हातारी नोट उचलतेय. टॉवेल उलगडला, नोट साहेबांच्या कपाखाली ठेवली. आणि जाऊन ओळीत उभी राहिले. प्रकाशच्या शेजारी, सातवी. हात पुढे केले. तळवे वर, मग खाली. साबणाने फाटलेले. माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मोठ्याने. त्या जागेत पहिल्यांदा.

"बॅज मी छापला. प्रकाशने नाही. आणि साहेब, दोन वर्षं तुमच्या तोंडावर ठेवलेला प्रत्येक टॉवेल ह्याच हातांनी पिळलाय. आता काय काय धुणार?"

कोणावरही बोट न ठेवता साहेब निघून गेले. चार वाजायच्या आत आम्हा दोघांना काढलं.

त्यानंतर मी कुठेही नुसती मावशी म्हणून कामाला लागले नाही. आधी आडनाव, मग कामाचं बोलणं. तीन ठिकाणी दार बंद झालं. होऊ दे. पण कोणाच्याही छातीवर पुन्हा खोटं नाव लावलं नाही, आणि कोणी माझ्या देखत लपवू लागला तर गप्पही बसले नाही.

हे शहाणपण मात्र त्या दिवशी जिना उतरताना नव्हतं. जिन्यात मी शेफारले होते. वाटलं, प्रकाश आता रडेल, पाया पडेल. मीच सुरू झाले, "कशी जिरवली बघितलंस ना? घाबरू नको. बोरिवलीला माझी ओळख आहे, तुझ्यासाठी शब्द टाकते."

प्रकाश एक पायरी खाली थांबला. बॅज काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला:

"मावशी, तेव्हा माझं नाव तू ठरवलंस. आज ओळीत मी बोलणार होतो, तर तूच आधी बोललीस. आता बोरिवलीला मी एकटा जाणार, आणि दारातच कांबळे म्हणून सांगणार. तू मधे पडायचं नाहीस."