हजेरीबुकातली रिकामी ओळ

मास्तर गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. मी ती स्वतः वाचली आणि पुढे निघून गेलो. आमच्या तालमीच्या कोपऱ्यावर काळा फळा आहे. कुस्त्यांची मैदानं, भजनाचे कार्यक्रम आणि मयताच्या बातम्या त्याच्यावरच खडूनं लिहितात. गेल्या महिन्यात एका सकाळी कचेरीला जाताना मी तो सवयीनं वाचला. ‘कै. केशव विष्णू शिरोळकर. अंत्ययात्रा दहा वाजता.’ असेल कुणी म्हातारा, असं म्हणून मी फळ्याला हात जोडले, समोरच्या हॉटेलात चहा प्यालो आणि कचेरीत जाऊन बसलो. आमच्या कचेरीतली निदान वीस माणसं त्या सकाळी त्या फळ्यावरून गेली असतील. वीसही जणांना त्या माणसानं इंग्रजी शिकवलं होतं. एकही थांबला नाही... आणि त्याचं कारण मी आहे.

संस्थान विलीन झालं तेव्हा आम्ही दरबारच्या कचेरीत कारकून होतो. आमचा सगळा जन्म मराठी अर्ज आणि मराठी शेरे यांत गेलेला. एका रात्रीत आम्ही मुंबई सरकारचे झालो आणि वरून इंग्रजी कागद येऊ लागले. परीक्षा द्या, नाहीतर आहात तिथेच राहा, असा हुकूम होता. मग कुणीतरी सांगितलं की मंगळवार पेठेत एक मास्तर आहेत, सकाळी साडेसहाला मोठ्या माणसांचा वर्ग घेतात. गेलो. जमिनीवर सतरंजी, भिंतीला फळा, आणि विधवा बहीण आतल्या खोलीत चुलीपाशी. मास्तर पन्नाशीचे, किडकिडीत, कोटाची कोपरं विरलेली.

त्यांची हजेरी घ्यायची पद्धत वेगळी होती. कोल्हापुरात माणसाला आईबापानं ठेवलेलं नाव बारशापुरतंच असतं, पुढे गल्ली काय ते ठरवते. कचेरीत मी ‘शंक्या’ होतो. आमचा शिपाई दत्तू तर ‘ढब्बू’च. मास्तर मात्र हजेरीबुक उघडून सावकाश वाचत, ‘शंकरराव मारुतराव जाधव.’ आणि त्याच आवाजात, ‘दत्तात्रय ज्ञानोबा पाटील.’ पहिल्या दिवशी दत्तूनं मागे वळून पाहिलं होतं, हा पाटील कोण आला म्हणून. गैरहजर माणसाचंही नाव ते तीनदा घेत आणि मगच पुढे सरकत.

‘कॉल’ या एका क्रियापदाला त्यांनी आठ दिवस दिले. हाक मारायची तरी कॉल, पोराचं नाव ठेवायचं तरी कॉल, सभा बोलवायची तरी तेच आणि कुणाच्या घरी भेटीला जायचं तरी तेच. साहेबाची भाषा कंजूष आहे, एका सदऱ्यात सगळं घर नांदवते, असं ते म्हणत. हाक मारणं समजावताना तोंडाशी हात धरून, कोंबड्यासारखी मान ताणून ते खरोखरच ओरडत. शेजारची बाई दारात येऊन बघायची. आम्ही खाली माना घालून हसायचो.

एकदा कचेरीजवळच्या हॉटेलात मी त्यांची नक्कल केली. तीच मान, तोच हात. ‘हे आमचे हाकमारे मास्तर,’ मी म्हणालो. सगळं हॉटेल हसलं. नाव तरी कसं, अगदी आडनावासारखं! मी आणखी एकदा करून दाखवली, आणि वळलो तर गल्ल्यापाशी मास्तर उभे. चहाची पूड घ्यायला आले असावेत. तसेच पायऱ्या उतरून गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं पूर्ण नाव त्यांनी नेहमीपेक्षाही सावकाश घेतलं. बस्स, तेवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

महिन्याभरात ते नाव गावभर झालं. नव्या माणसांना ते खरंच आडनाव वाटे. पुढे त्यांच्या दारावर पाटीच लागली, ‘हाकमारे यांचा इंग्रजी वर्ग’. ती बघून मी मनात फुशारलो. म्हटलं, मास्तरांनाही आवडलेलं दिसतंय. परीक्षा पास झालो, पगार वाढला, वर्ग सुटला. रस्त्यात भेटले की मी मोठ्यानं म्हणायचो, ‘काय हाकमारे मास्तर!’ आणि ते म्हणायचे, ‘बोला जाधवराव.’

फळा वाचल्यानंतर आठवड्यानं मंडईत अक्का, म्हणजे त्यांची बहीण, भेटल्या. मास्तर कसे आहेत, असं मी विचारलं. त्यांनी हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. मग सांगितलं. पिशवी हातात तशीच धरून मी त्यांच्या मागोमाग घरी गेलो. खांद्याला चौघं जेमतेम जमले होते. घरमालक, त्याचा मुलगा, दूधवाला आणि इचलकरंजीहून आलेला भाचा.

‘फळ्यावर खरंच नाव लिहा म्हणून मीच सांगितलं,’ अक्का म्हणाल्या. ‘मेल्यावर तरी त्याला त्याच्या नावानं जाऊ दे म्हटलं. चुकलंच माझं.’

त्यांचं चुकलं नव्हतं. मग पाटीचं कळलं. पहिली पाटी शिरोळकर नावाचीच होती. विचारत येणाऱ्यांना गल्लीतलं कुणी ते घर दाखवीना, इथं शिरोळकर कुणी न्हाय म्हणून परत लावीत. दोन महिने एकही नवा विद्यार्थी आला नाही, तेव्हा मास्तरांनी स्वतः पाटी पुसून नवं नाव रंगवलं. त्या पहिल्या पाटीखालून मी रोज आत गेलो होतो. एकदाही मान वर करून ती वाचली नव्हती. ज्यानं मला रोज माझ्या बापाच्या नावासकट हाक मारली, त्याचं नाव मी विचारलंसुद्धा नाही... लाज हा शब्द फार थोडा पडतो.

‘नाव कुणी ठेवलं ते त्यांना माहीत होतं?’ मी विचारलं.

‘होतं की,’ अक्का म्हणाल्या. ‘जाधव हुशार आहे म्हणायचा.’

निघताना त्यांनी आमच्या वर्षाचं हजेरीबुक मला दिलं. दर महिन्याच्या पानावर आमची नावं टपोऱ्या अक्षरांत, पूर्ण. खाली ‘शिक्षकाचे नाव’ अशी छापील ओळ आहे. पहिल्या दोन महिन्यांपुढे ती कोरी. मास्तरांनी शिरोळकर लिहायचं सोडलं होतं, पण हाकमारे काही लिहिलं नव्हतं.

परवा कचेरीत बसून मी त्या सगळ्या कोऱ्या ओळी शाईनं भरल्या. केशव विष्णू शिरोळकर, दहा वेळा. दत्तू पाण्याचा तांब्या घेऊन आला. मास्तर गेल्याचं त्याला मीच सांगितलं होतं. वाकून तो नाव अक्षर अक्षर लावून वाचू लागला. वाचून झाल्यावर म्हणाला, ‘ह्यो कोन पावणा म्हनायचा?’

मला सांगावंच लागलं. ‘हाकमारे मास्तर.’

तेव्हा कुठे त्यानं तांब्या खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.