अठ्ठेचाळीस पिवळ्या चौकटी

पालिकेच्या रेकॉर्ड विभागात तिला सगळे 'बारीक चाळण' म्हणत, आणि तिला राग येण्याऐवजी त्याचा अभिमानच वाटे. जुन्या फाइली पन्नास वर्षांनीही उघडाव्यात म्हणून त्या नव्या, साध्या स्वरूपात आणायच्या, जुनी-नवी शेजारी लावून काही गळलं नाही ना ते बघायचं आणि मगच जुनी पुसायची, हे तिचं काम. तुलना खरं तर प्रोग्रॅम करायचा. पण त्याच्यावर भरवसा ठेवेल तर ती चाळण कसली!

त्या दिवशी पाण्याच्या व्हॉल्व्हची यादी आली. सहाशे बारा व्हॉल्व्ह, प्रत्येकाचा रस्ता, खोली, व्यास. यादी कुणी केली ते तिला सांगायला नको होतं. तिचे बाबा तीस वर्षं पालिकेत व्हॉल्व्हमन होते. प्रोग्रॅमने निकाल दिला: फरक शून्य. साहेब खूश. चार वाजता जुनी फाइल पुसून टाका म्हणाले.

तिने सवयीने दोन्ही याद्या उघडल्या आणि खुर्चीतच ताठ झाली. जुन्या यादीत अठ्ठेचाळीस चौकटी पिवळ्या होत्या, नवीत सगळं पांढरंफटक. प्रोग्रॅमने अक्षर न् अक्षर पडताळलं होतं, रंग त्याच्या गावीही नव्हता. साहेब म्हणाले, लोक हौसेनेही रंग भरतात. अर्थ सांगता आला तर ठेवू, नाहीतर चारला पुसू. बाबा आणि हौस! ज्या माणसाने उभ्या जन्मात रंगीत शर्ट घातला नाही, तो चौकटी रंगवत बसेल?

पण विचारायचं कसं? दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांची वाचा गेली होती, उजवा हातही. घरात सगळे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत. खरं सांगायचं तर तीसुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत यादीची रंगीत प्रत घेऊन ती घराकडे पळत सुटली. आईने ताट वाढायला घेतलं, पण तिला जेवणाचं भान कुठे! तिने बाबांपुढे कागद धरला आणि पिवळ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"बाबा, हे पिवळे कसले?"

बाबांनी कागदावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मग त्यांनी डावा हात उचलला, मूठ वळली आणि हवेत व्हॉल्व्हची चावी फिरवली. डावीकडे. तिने पांढऱ्या चौकटीवर बोट ठेवलं, तर मूठ उजवीकडे फिरली. पुन्हा पिवळी, पुन्हा डावीकडे.

उलटे आटे! हे व्हॉल्व्ह बंद करायला उलटे, म्हणजे डावीकडे, फिरवावे लागत होते. माहीत नसलेला माणूस जोर लावून दांडाच मोडायचा आणि पाणी गल्लीभर व्हायचं. बाबांची मान कशी ताठ झाली होती! दोन वर्षांत त्यांना कुणी कामाचं काही विचारलंच नव्हतं.

तिने तिथूनच फोन लावला. "सर, जुनी फाइल पुसायची नाही. फरक शून्य नाही, अठ्ठेचाळीस आहेत." आणि धापा टाकत सगळं सांगितलं. बंद करायच्या दिशेचा नवा रकाना घालायला साहेबांनी लगेच होकार दिला.

ती फोन ठेवणार, तेवढ्यात बाबांनी कागदावर टकटक केलं. बोट एका पांढऱ्या चौकटीवर होतं, आणि चेहऱ्यावर चूक पकडली गेल्यासारखं ओशाळं हसू. त्यांनी मूठ वळली आणि डावीकडे फिरवली.

"थांबा सर," ती म्हणाली, "एकोणपन्नास."