जिप्समच्या डोंगराखालची माणसं

माणूस घाबरला की किस्सा घडतो, आणि आमच्या कारखान्यात तर सगळेच घाबरलेले! रत्नागिरीजवळच्या या कारखान्यात खत बनवताना जिप्सम उरतं. त्याचा पांढराशुभ्र डोंगर झालाय. त्यात किंचित किरणोत्सर्ग असतो. तो मोजायचं काम कांबळे सरांचं आणि त्यांच्या हाताखाली माझं.

*

पहिल्याच दिवशी मीटर हातात घेतला, तो टिकटिकला आणि मी खाली टाकला!

"अरे, तो जांभ्या दगडावरपण वाजतो," सर म्हणाले.

बरं वाटायला हवं होतं. पण माझं घर जांभ्याचंच! आठवडाभर भिंतीपासून हातभर लांब झोपलो.

*

डंपरवाले सलीमचाचा पूर्णगडचे. आखातात ट्रक चालवून आलेले. मी त्यांच्या शर्टाला बॅज लावला.

"ह्यो काय करतो?"

"किती किरणं लागली ते मोजतो."

"अडवत नाय?"

"नाही."

चाचांनी बॅज काढून माझ्या हातात दिला. "मग तूच ठेव. मला रात्रीची झोप हवी!"

*

लॅबमधल्या सावंत मॅडमना दिवस गेले. कळलं त्याच दिवशी सरांनी त्यांना ऑफिसात हलवलं. दुसऱ्या सकाळी आणखी दोघी अर्ज घेऊन हजर. "सर, आम्हीपण गरोदर आहोत!" त्यातल्या एक रिटायरमेंटला आलेल्या. हसलं मात्र कुणीच नाही.

*

जिप्सम रस्त्याच्या भरावात वापरायचं ठरलं. सरांनी ग्रामसभेत तक्ते दाखवले. "या रस्त्याला काही धोका नाही."

मागून एक मासेवाली उठली. "रस्त्याला नसंल ओ. आमाला?"

"तुम्हालाही नाही."

"मग तुमी घाबरल्यासारखे कशाला बोलताव?"

*

डोंगरावरचे वॉचमन बाणेकाका एकदा पेढे घेऊन आले. मुलगी बाळंतपणाला आलेली, नात झाली होती. खुशीत म्हणाले, "तिच्यासाठी नवी खोली बांधली. जमिनीत भरावाला आपलंच जिप्सम, चार टेम्पो!"

सरांचा पेढा हातातच राहिला. आम्ही तशीच जीप काढली.

वाटेत सर मला हळूच म्हणाले, "रस्त्यावर यातून निघणारा किरणोत्सारी वायू उडून जातो. बंद खोलीत साचतो. आणि आपला मीटर तो पकडत नाही."

बाळाला वारा लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्या घट्ट बंद. बाळ-बाळंतीण खाली गादीवर. सरांनी जमिनीला मीटर धरला.

"किती हाय, साहेब?" बाणेकाकांनी विचारलं.

"थोडंसंच."

सरांनी मीटर बंद केला, एकेक खिडकी उघडली आणि पडवीतली पहार उचलून आणली.

"ओ साहेब, थोडंच हाय ना? मग खणताव कशाला?"

सरांनी पहारीचं टोक जमिनीला टेकवलं.

"आधी बाळाला बाहेर न्या," म्हणाले.