करंज्यांच्या डब्याचं झाकण

अन्वी, ईशान — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, आजोबा होते तोवर त्यांनाही नाही. वाटलं होतं, माझ्याबरोबरच जाईल. पण रविवारी फोनवर अन्वी म्हणाली, "आजी, मीपण लेझर बनवणार, तुझी वही पाठव ना" — आणि फोन ठेवून मी वही काढून बसले.

वही तुम्हाला ठाऊक आहे. निळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर आकडा घातलेली. सांगलीच्या कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, निवृत्त होऊन उंब्रजला आले आणि हा नाद लागला. जुन्या डीव्हीडी रायटरमधून तुरीच्या दाण्याएवढा लेझरचा डायोड काढायचा, त्याला बेताचा प्रवाह देणारं सर्किट जोडायचं, पुढं भिंग बसवायचं, आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. बिघडलेले रायटर रज्जाक आणून द्यायचा. स्टँडजवळ त्याचं माइक-लाइटचं दुकान होतं. गणपतीत मंडळांचे लेझर लाइट तोच लावायचा. सोल्डरिंग मी त्याच्याकडून शिकले. "बाई, तुमचा हात माझ्यापरास सरळ चालतोय की," म्हणायचा.

वहीतलं चौऱ्याहत्तरावं पान कोरं आहे. मी कधी पान कोरं सोडते का?

त्या रायटरमध्ये दोन डायोड असतात. एक तांबडा उजेड देतो. दुसऱ्याचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही, आणि तोच जास्त वाईट. तांबडा डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटते. जो दिसत नाही त्याला पापणी कशाला मिटेल? हे तुम्हाला मी किती वेळा बजावलं होतं — गॉगलशिवाय नाही, दाराला कडी लावल्याशिवाय नाही.

गौरी-विसर्जनाचा दिवस होता, दुपारचे तीन. गॉगल मी घातला होता. कडी — कडी लावली नव्हती. गौरीच्या दिवसांत बायकांची ये-जा असते, दार लावून बसलं तर बरं दिसत नाही, असं मनाशी म्हटलं. टेबलावर तो न दिसणारा किरण चालू, समोर विटेचा ठोकळा. किरण कुठं पडतोय ते मी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघत होते. कॅमेऱ्यात तो जांभळट दिसतो.

तेवढ्यात हौसाक्का आली. आमची शेजारीण. मेंढरं विकून तिच्या नवऱ्यानं इथं शेत घेतलं, तेव्हापासूनची. आदल्या दिवशी मी तिला लाडू दिले होते, तो स्टीलचा डबा परत द्यायला आली होती. रिकामा डबा कोण परत देतं? करंज्या भरून आणल्या होत्या.

"आवं बाई, घरात कसला गॉगल? सावलीत ऊन लागतंय व्हय?"

हसत हसत तिनं डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि करंज्या दाखवायला वाकली. झाकण तिच्या हातात, किरणाच्या वाटेत उभंच राहिलं. सपाट, राखेनं घासून आरसा केलेलं. मोबाइलच्या पडद्यावर मला तिचा चेहरा दिसला. डाव्या डोळ्यावर जांभळट ठिपका.

किती वेळ? दोन सेकंद? तीन? बटणापर्यंत हात जायला इतका वेळ का लागला? तोंडातून आवाज का फुटला नाही? तिला तर काहीच कळलं नाही. "वाटेत फुटली न्हाई ना एकबी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. करंज्यांचं विचारत होती ती.

संध्याकाळी ती मिरवणूक बघायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभी राहून म्हणाली, "बाई, उजवा डोळा झाकला की तुमचं तोंडच दिसंना. नुसता काळा डाग." कराडच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा बरोबर मधे भाजलाय, आता नजर परत येणार नाही. लेझर बघितला होता का, त्यांनी विचारलं. हौसाक्कानंच सांगितलं, व्हय, मिरवणुकीत लय लायटी हुत्या.

मिरवणुकीची लाइट रज्जाकची. मग गावानं दुसरं काही शोधलंच नाही.

रज्जाक माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मागं गावातली चार-पाच माणसं होती. तो पायरीवरच बसला, आत आला नाही. "बाई, माझी लाइट वर बांधलेली, खांबाला. माणसांच्या तोंडावर गेलीच न्हाई. तुमी शिकलेल्या हायसा, तुमचं ऐकत्यात ही. तुमी सांगा की."

नुसती गप्प बसले असते तरी — नाही, तेही कमी नव्हतं. पण मी गप्प बसले नाही. वर्गात बोलायचे त्या स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लेझर धोकादायकच असतो, रज्जाक. काळजी घ्यायला हवी होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. डायोड त्यानंच दिले होते. त्याला कळलं का? पायरीवरून उठला. महिन्याभरात दुकान मोडून कडेगावला मेव्हण्याकडे गेला. लाइटच्या कामाला त्यानं पुन्हा हात लावला नाही, असं ऐकते.

मला कशाची भीती वाटली? पोलिसांची? असेल. पण खरं सांगायचं तर, हौसाक्का मला 'बाई' म्हणते — ते जाईल, याची. एवढ्यासाठी.

तुम्ही विचारलंत, आजी, लेझर का सोडलंस? मी म्हणाले, हात कापतात. माझे हात कापत नाहीत. दारात पाऊल वाजलं की माझी नजर आधी कडीकडे जाते, तीही रोज. कारण हौसाक्का रोज येते. एका डोळ्यानं तिला सुई ओवता येत नाही, म्हणून सुई-दोरा माझ्याकडे आणते. "तुमची नजर चांगली हाय, बाई," म्हणते. मी ओवून देते. आज सकाळीही दिली. तिला अजून सांगितलेलं नाही.

वही पाठवते आहे, अन्वी. चौऱ्याहत्तरावं पान आज भरलं, बाकीच्या पानांसारखंच:

न दिसणारा डायोड. प्रवाह एकशे ऐंशी मिलिअँपिअर. माणसं दोन, गॉगल एक. दाराला कडी नाही. परिणाम — हौसाक्काचा डावा डोळा, रज्जाकचं दुकान. प्रयोग करणारी — मी.